वाक्यान्तीचे शब्दयोगी अव्यय

वाक्यान्तीचे शब्दयोगी अव्यय : इंग्रजी वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने, म्हणजे त्या भाषेत ज्यास प्रिपोझिशन म्हणतात अशा शब्दाने, करणे ग्राह्य आहे की नाही, याविषयी सतराव्या शतकापासून चालत आलेला वाद. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी भाषकांच्या अनेक पिढ्यांनी असा शेवट हा दोष म्हणून ऐकलेला आहे. वस्तुतः हा निषेध इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापरातून निघालेला नसून लॅटिन भाषेच्या आदर्शावरून तो इंग्रजीवर लादला गेला. एका भाषेचे नियम दुसरीच्या साच्यात बसविण्याचा असाच प्रसंग मराठी व्याकरणावरही आलेला असल्याने या वादाचा इतिहास मराठी वाचकाला केवळ परक्या भाषेतील कुतूहलाचा विषय राहत नाही.

स्वरूप : शब्दयोगी अव्यय नामाचा अगर सर्वनामाचा वाक्यातील इतर पदांशी संबंध दाखविते. इंग्रजीत ते सामान्यतः नामाच्या आधी येते. मात्र प्रश्नार्थक वाक्यात, संबंधी वाक्यात आणि कर्मणी रचनेत नाम अगर सर्वनाम पुढे सरकते व अव्यय आपल्या मूळ जागी, बहुधा वाक्याच्या शेवटी, एकटे उरते. उदा., ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ या प्रश्नात ‘ॲट’चा संबंध ‘व्हॉट’शी आहे; पण त्या दोहोंमध्ये उरलेले सर्व वाक्य आले आहे. ‘ॲट व्हॉट आर यू लुकिंग?’ ही रचना निषेध पाळणाऱ्यांना शुद्ध वाटते. परंतु बोलण्यात ती कृत्रिम ठरते. म्हणजे वादाचे मूळ वाक्याच्या अंतात नाही, तर अव्ययाचा त्याच्या नामाशी होणाऱ्या वियोगात आहे. शेवट हे त्या वियोगाचे केवळ ठळक दिसणारे ठिकाण होय.

काही रचनांत हा वियोग टाळताच येत नाही. ‘द हाउस दॅट शी लिव्ज इन’ या पदबंधात ‘दॅट’च्या आधी ‘इन’ आणता येत नाही. ‘द बेड वॉज स्लेप्ट इन’ यासारख्या कर्मणी रचनेत अव्यय हलविण्यास जागाच नसते. ‘व्हॉट इज इट लाइक?’ या नित्याच्या प्रश्नातील ‘लाइक’ आरंभी नेल्यास प्रश्नाचा अर्थच हरवतो. निषेध सर्वत्र पाळावयाचा म्हटल्यास इंग्रजीतील कित्येक साध्या रचना वर्ज्य कराव्या लागतील.

पूर्वपरंपरा : ही रचना अर्वाचीन काळातील शैथिल्यातून उद्भवली, असा एक समज आहे, तो निराधार आहे. इंग्रजीच्या प्राचीन अवस्थेतही विशिष्ट प्रकारच्या संबंधी वाक्यांत अव्यय नामापासून वेगळे पडत असे. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत, विशेषतः तेराव्या-चौदाव्या शतकांत, ही प्रवृत्ती प्रश्नार्थक व कर्मणी रचनांत पसरली. शेक्सपिअरच्या नाटकांत तिची उदाहरणे विपुल आहेत. डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन या इंग्रजीच्या उत्तरेकडील भगिनीभाषांतही ती नित्याची आहे. लॅटिन आणि फ्रेंच या भाषांत मात्र ती आढळत नाही. सतराव्या शतकातील सुशिक्षित इंग्रजाच्या दृष्टीने भाषिक प्रतिष्ठेची मापे या दुसऱ्या गटातील होती, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे पुढील घटनांची संगती लागते.

ड्रायडनचा आक्षेप : या निषेधाचा सर्वांत प्रसिद्ध आरंभबिंदू म्हणून जॉन ड्रायडन (१६३१–१७००) या कवी-नाटककाराचा उल्लेख केला जातो. ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ ग्रॅनाडा’ या नाटकाच्या दुसऱ्या भागास जोडून १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने आधीच्या पिढीतील नाटककारांच्या भाषेची चिकित्सा केली. बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’ (१६११) या नाटकातील वाक्यान्ती येणाऱ्या अव्ययावर त्याने तेथे बोट ठेवले आणि हा दोष आपल्याही लेखनात असल्याचे नुकतेच ध्यानात आल्याची कबुली दिली. हा दोष का मानावा, याचे कारण मात्र त्याने सांगितले नाही. नाट्यकाव्यावरील आपला १६६८ चा निबंध १६८४ मध्ये पुन्हा छापताना त्याने अशी अनेक वाक्ये फिरवून लिहिली.

त्याने न सांगितलेल्या कारणाचा माग त्याच्याच दुसऱ्या लेखनात सापडतो. ‘ट्रॉइलस अँड क्रेसिडा’ या नाट्यरूपांतराच्या १६७९ च्या अर्पणपत्रिकेत त्याने असे नमूद केले आहे, की एखादी इंग्रजी रचना शुद्ध आहे की नाही याचा संशय आल्यास आपण ती लॅटिनमध्ये भाषांतरित करून पाहतो. लॅटिनमध्ये अव्यय नामापासून असे तुटून वाक्यान्ती जात नाही. तेव्हा या कसोटीवर इंग्रजीची ही रचना अनुत्तीर्ण ठरणे अटळ होते. खुद्द ‘प्रिपोझिशन’ या लॅटिन संज्ञेचा अर्थही ‘आधी ठेवलेले’ असा आहे. नावातच ‘आधी’ असल्यामुळे नंतर येणे हा त्या नावाचा भंग होय, असे मानण्याकडे पुढील वैयाकरणांचा कल झाला. संज्ञेवरून भाषेचा निवाडा करण्याची ही उलटी पद्धत होती.

लाउथ व मरे : ड्रायडनच्या वैयक्तिक रुचीला नियमाचे रूप अठराव्या शतकात आले. रॉबर्ट लाउथ (१७१०–८७) हा हिब्रू काव्याचा अभ्यासक व पुढे लंडनचा बिशप झालेला धर्मगुरू. त्याचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले. या निषेधाचा जनक म्हणून लाउथला पुष्कळदा दूषण दिले जाते. परंतु त्याचे मत संयत होते. ही रचना इंग्रजीच्या प्रकृतीस जवळची असून संभाषणात व घरगुती शैलीच्या लेखनात ती शोभते, हे त्याने मान्य केले. अव्यय संबंधी सर्वनामाआधी ठेवणे अधिक डौलदार असून गंभीर व उदात्त शैलीस ते मानवते, एवढेच त्याचे म्हणणे होते. शिवाय, इंग्रजीचा कल या रचनेकडे आहे हे सांगणारे त्याचे वाक्यच ‘टू’ या अव्ययाने संपते. हे त्याने विनोदाने केले की सहज घडले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

लिंडली मरे (१७४५–१८२६) या अमेरिकेत जन्मलेल्या व इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या लेखकाने १७९५ मध्ये शाळांसाठी इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले. त्याने लाउथचे विधान जवळजवळ जसेच्या तसे घेतले. मात्र त्यातील शेवटचे ‘टू’ उचलून ‘विच’च्या आधी नेले. या लहानशा फेरफारात नियमाच्या इतिहासातील मोठे वळण दिसते. लाउथने दोन शैलींतील भेद सांगितला होता. मरेने एका शैलीस सुधारणेचा विषय केले. मरेच्या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या व इंग्लंड-अमेरिकेतील शाळांत ते दीर्घकाळ प्रचलित राहिले. शैलीविषयक शिफारशीचे वर्गात घोकावयाच्या निषेधात रूपांतर झाले, ते अशा शालेय पुस्तकांच्या परंपरेत.

परभाषेचा साचा आणि मराठी व्याकरण : लॅटिनच्या साच्यात दुसरी भाषा बसविण्याचा उद्योग इंग्लंडपुरता मर्यादित नव्हता. गोव्यात ख्रिस्तपुराणकार फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. पोर्तुगीज भाषेत लिहिलेल्या या ग्रंथाची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या धर्तीची आहे. भारतीय भाषेच्या पहिल्या मुद्रित व्याकरणाचा मान त्यास दिला जातो. विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथून इंग्रजीत प्रसिद्ध झाले. या ग्रंथांचे ऐतिहासिक मोल मोठे आहे; परंतु ते परकीयांनी परकीयांसाठी रचलेले असल्याने परिचित साच्याचा आधार घेणे त्यांना भागच होते.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हा प्रश्न मराठी भाषकांच्या घरात आला. दादोबांपुढे दोन नमुने होते : एक संस्कृत व्याकरणाचा व दुसरा इंग्रजी व्याकरणाचा. विभक्ती, समास, प्रयोग हा भाग त्यांनी पहिल्यावरून घेतला. शब्दांच्या जातींची वाटणी दुसऱ्यावरून केली. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार प्रकारची अव्यये ही आजही शाळेत शिकविली जाणारी वर्गवारी संस्कृत परंपरेतील नव्हे. यास्काने पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग सांगितले. पाणिनीने सुबन्त व तिङन्त असे दोनच मानले.

इंग्रजीतील प्रिपोझिशनच्या जागी मराठीत जो वर्ग उभा राहिला, त्यास ‘शब्दयोगी अव्यय’ हे नाव रूढ झाले, ही मात्र विशेष समाधानाची गोष्ट होय. मूळ संज्ञेचे शब्दशः भाषांतर केले असते, तर ‘पूर्वस्थित’ असे काही नाव पडून ‘झाडाखाली’मधील ‘खाली’ हे नामाच्या नंतर का येते, याची सबब शोधत बसावे लागले असते. ‘शब्दयोगी’ या नावात आधी-नंतरचा प्रश्नच नाही. शब्दाशी जोडले जाणे हा या अव्ययांचा खरा धर्म त्यात नेमका टिपला आहे.

साचा सर्वत्र असा सैल झाला नाही. संस्कृतच्या आठ विभक्ती मराठीत तशाच ठेवल्यामुळे द्वितीया व चतुर्थी यांचे प्रत्यय एकच असूनही त्या दोन विभक्ती मानाव्या लागल्या. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय हे दोन्ही नामाच्या सामान्यरूपासच लागत असल्याने त्यांतील सीमारेषा कोठे आखावी, हाही वादाचा विषय झाला. दादोबांच्या मतांची चिकित्सा कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–७८) यांनी आपल्या व्याकरणविषयक निबंधांतून केली. ते निबंध १८९३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या बृहद्ग्रंथात पूर्वसूरींच्या मतांचा साकल्याने परामर्श घेतला. अरविंद मंगरूळकर यांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) या पुस्तकात मराठीचे व्याकरण मराठीच्या प्रकृतीवरूनच रचले जावे, या दृष्टीने रूढ चौकटीची फेरतपासणी केली. इंग्रजीला लॅटिनच्या जोखडातून सुटण्यास जे करावे लागले, त्याचाच हा मराठी प्रतिरूप होय.

मराठीतील स्थिती : मराठीत वाक्याचा शेवट सामान्यतः क्रियापदाने होतो, परंतु बोलण्याच्या ओघात ‘हा डबा आहे तुझ्यासाठी’, ‘गाडी जाणार आहे पनवेलपर्यंत’ अशी वाक्ये सहज येतात व त्यांस कोणी अशुद्ध म्हणत नाही. शब्दयोगी अव्यय वाक्यान्ती आले, तरी ते आपल्या नामास घेऊनच येते. मराठीत खरी बंदी आहे ती वियोगाची. ‘कशाकडे पाहतोस?’ या प्रश्नातील ‘कडे’ मागे ठेवून ‘कशा’ पुढे नेता येत नाही. कारण ‘कशा’, ‘झाडा’, ‘गावा’ ही सामान्यरूपे स्वतंत्र शब्द म्हणून या अर्थी उभी राहू शकत नाहीत. अव्यय नामावाचून आले, की त्याची जातच बदलते : ‘घरापुढे’ यातील ‘पुढे’ शब्दयोगी, तर ‘तो पुढे गेला’ यातील ‘पुढे’ क्रियाविशेषण. ‘विना’सारखे एखादे अव्यय मात्र दोन्ही बाजूंनी चालते. ‘पैशाविना’ आणि ‘विनातिकीट’ या दोन्ही रचना मराठीने स्वीकारल्या आहेत.

संबंधी वाक्यात तर मराठीने तिसरीच वाट काढली आहे. ‘द हाउस शी लिव्ज इन’ या इंग्रजी पदबंधासाठी ‘ती ज्या घरात राहते ते घर’ असे भरभक्कम रूप आहेच. पण ‘ती राहते ते घर’ असे म्हणून ‘घरात’मधील प्रत्ययासही फाटा देता येतो. इंग्रजी ज्यास मागे ठेवते, त्यास मराठी गाळून टाकते.

महाराष्ट्रातील इंग्रजीचे अध्यापन : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाल्यावर प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासास मोठे महत्त्व आले. इंग्रजी शिकण्याचा रूढ मार्ग भाषांतराचा होता. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्यान्तीच्या अव्ययाचा निषेध महाराष्ट्रात इतका सहज का रुजला, याचे एक कारण या पद्धतीत असणे संभवते. ‘कशाकडे’ हे मराठीत एकसंध पद असल्याने ते इंग्रजीत नेताना ‘ॲट व्हॉट’ अशीच जोडी मनात तयार होते. अव्यय शेवटी एकटे सोडणे हे मराठी कानास मुळातच खटकते. निषेध लॅटिनमधून आला. पण त्यास दुजोरा मायबोलीने दिला. उलटपक्षी, ‘मी बसलो होतो ती खुर्ची’ या रचनेच्या सवयीने ‘द चेअर आय वॉज सिटिंग’ असे म्हणून शेवटचे ‘ऑन’ गाळण्याची चूक मराठी विद्यार्थ्याकडून घडते. हा खरा व्याकरणदोष आहे. निषेधाचे भय घातल्याने तो सुधारत नाही, उलट बळावतो.

भारतात सर्वांत प्रचलित झालेल्या इंग्रजी व्याकरणात मात्र हा निषेध नाही, हे लक्षणीय आहे. पी. सी. रेन हा तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराची येथे मुख्याध्यापक होता. पुढे तो कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला. त्याने एच. मार्टिन याच्यासमवेत तयार केलेले, १९३०–४० या दशकात प्रसिद्ध झालेले व ‘रेन अँड मार्टिन’ या नावाने ओळखले जाणारे पुस्तक अव्यय कर्माच्या नंतर येण्याची उदाहरणे देते आणि संबंधी सर्वनाम ‘दॅट’ असल्यास अव्यय शेवटीच येते, असे स्पष्ट सांगते. पुस्तकात परवानगी व परंपरेत बंदी, अशी ही विसंगती होती. तोंडी चालत आलेला नियम छापील नियमापेक्षा चिवट असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

विसाव्या शतकातील मत : एच. डब्ल्यू. फाउलर (१८५८–१९३३) याने १९२६ च्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात या निषेधाची गणना अंधश्रद्धेत केली आणि अव्यय मागे ठेवण्याची मुभा हे इंग्रजीच्या लवचिकतेचे एक मोठे साधन असल्याचे प्रतिपादिले. सर अर्नेस्ट गॉवर्झ याने सरकारी लेखनाच्या सुधारणेसाठी लिहिलेल्या १९४८ च्या पुस्तिकेनेही हाच पक्ष घेतला. या संदर्भात विन्स्टन चर्चिल याची एक आख्यायिका वारंवार सांगितली जाते. त्याच्या मसुद्यातील वाक्य कोणा अधिकाऱ्याने या नियमाप्रमाणे फिरविले, तेव्हा चर्चिलने मुद्दाम अव्यये अस्थानी ओढून एक हास्यास्पद वाक्य समासात लिहिले, अशी ती कथा आहे. ती चर्चिलचीच असल्याचा विश्वसनीय पुरावा मिळत नाही. चर्चिलचे नाव नसलेले तिचे रूप १९४२ मध्येच छापले गेले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या बृहद् व्याकरणाने दोन्ही रचना व्याकरणशुद्ध मानल्या असून त्यांतील भेद मुख्यतः औपचारिकतेचा असल्याचे दाखविले आहे. जाणकार वैयाकरणांत आज याविषयी वाद उरलेला नाही.

याचा अर्थ कोणतेही अव्यय कोठेही चालते, असा नव्हे. ‘व्हेअर इज इट ॲट?’ यातील ‘ॲट’ प्रमाण लेखनात टाळतात, ते शेवटी आले म्हणून नव्हे, तर ‘व्हेअर’मध्येच त्याचा अर्थ सामावलेला असल्याने ते अधिकचे ठरते म्हणून. ‘ड्युअरिंग’सारखी काही अव्यये नामापासून वेगळी पडली, की इंग्रज वाचकासही अवघडल्यासारखे होते. गंभीर लेखनात अव्यय आधी ठेवण्याची लाउथची शिफारस आजही उपयुक्त आहे. मात्र ती शिफारस आहे, शासन नव्हे.

मूल्यमापन : भारतीय व्याकरणपरंपरेत या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी फार पूर्वी सिद्ध झाली होती. उपसर्ग धातूच्या आधी येतात, असे सांगितल्यावर पाणिनी लगेच नोंदवितो, की वेदभाषेत ते नंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द येऊन वेगळेही पडतात. जेथे ड्रायडनला दोष दिसला, तशाच स्थळी पाणिनीस प्रयोगाचे क्षेत्र दिसले. वैदिक ऋषींची वाक्ये त्याने सुधारावयास घेतली नाहीत. आपल्या सूत्रांनाच त्याने त्यांच्यापर्यंत पोहोचविले. पतंजलीचा कुंभाराचा दृष्टांतही प्रसिद्ध आहे. घट हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन घट मागतो. शब्द हवा असलेला माणूस वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही. शब्द लोकांत आधीच असतात.

या दृष्टीने पाहता नियम खरा की आगंतुक, हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे : तो त्या भाषेच्या रचनेतून निघतो काय, हे पाहावे. वाक्यान्ती अव्यय नसावे, हा इंग्रजीचा नियम या कसोटीस उतरत नाही. शब्दयोगी अव्यय नामास जोडून लिहावे, हा मराठीचा नियम पूर्णपणे उतरतो. अलीकडे फलकांवर व छापील मजकुरात ‘प्रवाशां साठी’, ‘पुला खाली’ अशी तोडून लिहिलेली रूपे सर्रास दिसतात. हिंदीत परसर्ग नामापासून सुटे लिहितात, त्या लेखनाचा हा प्रभाव असावा. येथे ‘प्रवाशां’ आणि ‘पुला’ ही सामान्यरूपे निराधार उभी राहतात व मराठीच्या रचनेसच धक्का बसतो. एका भाषेच्या प्रतिष्ठेपायी इंग्रजीत जे अनावश्यकपणे जोडले गेले आणि दुसरीच्या सवयीपायी मराठीत जे अकारण तोडले जात आहे, त्या दोहोंचे मूळ एकच : आपल्या भाषेचा नियम दुसऱ्या भाषेस विचारणे. परभाषेतील मिथ्या निषेध झुगारण्याचा आणि स्वभाषेतील सार्थ नियम पाळण्याचा विवेक एकाच अभ्यासातून येतो.